कृष्णवर्णीयांचें आमच्यावरील ऋण

(महात्मा फुले जयंतीनिमित्त कल्याण तालुक्यांतील एका गांवच्या वाचनालयांत प्राथमिक शाळेच्या एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आजचा दिवस जोतीरावांचा. दरवर्षीं या दिवशीं आपण तसबिरीला हार घालतों, चार वक्ते बोलतात, आणि चहा घेऊन आपण घरोघर जातों. यंदा चालकांनीं आम्हांस विषय विचारला तेव्हां आम्हीं सांगितलें, "अमेरिकेंतील काळे लोक, त्यांचें गाणें, त्यांची कला आणि आपण." तेथें बसलेले एक वृद्ध शेतकरी लागलेच म्हणाले, "गुरुजी, हितं भाताला भाव नाय, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, आन् तुम्ही अमेरिकेचं काय घेऊन बसलात?" बाबांचा प्रश्न रास्त आहे. ते आज समोरच बसले आहेत. त्यांना उत्तर देणें हेंच आमचें आजचें काम.

जोतीरावांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक 1873 सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. भिक्षुकशाहीनें शूद्रातिशूद्रांना दास्यांत कसें ठेविलें याचा झाडा त्या पुस्तकांत आहे, हें आपणांस ठाऊक आहे. पण पुस्तक उघडतांच जें अर्पणपत्रिकेचें पान लागतें, तें फारसें कोणी वाचीत नाहीं. जोतीरावांनीं हें पुस्तक कोणास वाहिलें? राजास नाहीं, संस्थानिकास नाहीं, पैसा देणाऱ्या सावकारास तर नाहींच. अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं ज्या सज्जनांनीं स्वार्थावर पाणी सोडलें, त्यांस तें वाहिलें. आणि आमच्या देशबांधवांनीं त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा त्याच पानावर केली.

त्या गुलामांना त्या काळीं नीग्रो म्हणत. तो शब्द आतां त्या लोकांस अपमानाचा वाटतो, म्हणून आम्ही कृष्णवर्णीय किंवा काळे लोक असेंच म्हणूं. ज्याचें नांव, त्यानें सांगावें तसें आपण घ्यावें, हा धडा आपणांस महारवाड्यानें शिकविलाच आहे.

आतां पहा, पुण्याचा एक माळी, समुद्रापलीकडे कधीं न गेलेला, त्याला अमेरिकेंतल्या गुलामाची आंच कां लागावी? याचें मोल समजण्यासाठीं त्या काळीं आपल्या मुंबई इलाख्यांत इतर लोक काय करीत होते तें पाहिलें पाहिजे.

1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झालें. दक्षिणेंतील मळ्यांचा कापूस गुलामांच्या घामावर पिकत असे आणि विलायतेंतील गिरण्यांस जात असे. युद्धामुळें तो बंद पडला. मग इंग्रज गिरणीवाल्यांनीं खानदेश, वऱ्हाड, गुजराथ इकडे धांव घेतली. मुंबईंत कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजारांत लोक वेडे झाले, आणि 1865 सालीं युद्ध संपतांच भाव कोसळून कित्येकांचीं दिवाळीं वाजलीं. त्याच दशकांत आमच्या कल्याणचें भाग्य ठरलें. आगगाडी येथें 1854 सालींच आली होती. 1863 सालीं बोरघाटाचा आणि 1865 सालीं थळघाटाचा मार्ग खुला झाला, आणि कल्याण हें दोन वाटांचें नाकें झालें. आजही पुण्याची गाडी येथून एकीकडे वळते व नाशिकची दुसरीकडे. घांटावरच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली ती अशी आमच्या शिवारांतून.

म्हणजे अमेरिकेंतील गुलामाच्या बेड्या तुटत होत्या तेव्हां मुंबईच्या शेटजींनीं त्यांत कापसाचा भाव पाहिला. जोतीरावांनीं त्यांत माणूस पाहिला. बंधूंनो, जगाच्या राजकारणाकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत, आणि आजही दोनच आहेत. कोठें युद्ध पेटलें कीं तेलाचा भाव, सोन्याचा भाव, आपल्या देशाचा फायदा किती, एवढेंच पाहणारे पुष्कळ. तेथें मरतो तो कोण, आणि त्याचें आमचें कांहीं नातें आहे काय, असें विचारणारा एखादाच. आम्ही खेड्यांतले शिक्षक आहों. परराष्ट्रनीति आम्हांस कळत नाहीं. पण या दोहोंतली कोणती रीत सत्यशोधकाची, एवढें कळतें.

याच कल्याणांत 1865 सालीं, म्हणजे अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली त्या सालीं, एक मुलगी जन्मली. तिला आपण आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतों. ती ब्राह्मणाची मुलगी. पण बायकांच्या दास्याला जात नसते. तिनें 1886 सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टरीची पदवी घेतली, हें पाठ्यपुस्तकांत असतें. पाठ्यपुस्तकांत नसतें तें असें कीं त्याच विद्यालयांतून 1867 सालीं रिबेका कोल नांवाची एक काळी तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. ज्या बांकांवर पुढें कल्याणची मुलगी बसली, तेथें काळ्या मुलीनें आधीं जागा करून ठेविली होती. शाळेचें दार एकासाठीं उघडलें कीं मागून किती जण आंत येतात, याचा हिशेब दार उघडणाऱ्यालाही नसतो. सावित्रीबाईंच्या शाळेबद्दल आपण हेंच म्हणतों.

आतां गाण्याकडे वळूं. मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठीं अमेरिकेंत नॅशव्हिल येथें फिस्क नांवाची शाळा निघाली. 1871 सालीं ती कर्जानें बुडूं लागली. तेव्हां तेथील गायनशिक्षक कांहीं विद्यार्थी बरोबर घेऊन गांवोगांव गाऊन पैसा मिळविण्यास निघाले. त्या मुलामुलींतील बहुतेक गुलामींत जन्मलेलीं. प्रथम तीं गोऱ्यांचीं गाणीं म्हणत. आईबापांनीं मळ्यावर राबतांना म्हटलेलीं देवाचीं गाणीं त्यांच्याजवळ होतीं. पण तीं लोकांपुढें म्हणण्याचा त्यांना संकोच वाटे, कारण त्या गाण्यांना गुलामीचा वास होता. शेवटीं त्यांनीं तींच गाणीं म्हटलीं आणि ऐकणारे रडले. 1873 सालीं, म्हणजे 'गुलामगिरी' निघाली त्याच सालीं, हीं मुलें विलायतेंत व्हिक्टोरिया राणीपुढें गाइलीं. त्या गाण्याच्या पैशांतून शाळेची मोठी इमारत उभी राहिली. शाळा दुरुस्तीसाठीं वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हां शिक्षकांस या गोष्टीचें मोल अधिक कळतें.

त्या मुलांचा संकोच आपल्या ओळखीचा नाहीं काय? आमच्या आगरी घरांत लग्नाच्या वेळीं धवलारीण धवले गाते. लग्न लावण्याचा मान तिच्या गळ्याला होता. आतां डोंबिवलीच्या सभागृहांत लग्न लागतें, भटजी ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टकें म्हणतात, आणि धवलारीण, बोलाविली असेल तर, मागच्या खुर्चीवर बसते. तिचें गाणें पाहुण्यांपुढें म्हणण्याची शिकलेल्या मुलांना लाज वाटते. ही लाज आम्हांस कोणी शिकविली? आमचें तें गांवंढळ आणि त्यांचें तें शास्त्रीय, हा निवाडा कोणत्या न्यायालयांत झाला?

काळ्या लोकांनीं हा निवाडा मानला नाहीं. त्यांच्या गाण्यांतून पुढें जॅझ निघालें. भल्या घरांत तें हलक्या वस्तीचें संगीत म्हणून नाक मुरडीत. पुढें सगळ्या जगानें तें डोक्यावर घेतलें. 1935 सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनीं ती विद्या उचलली. त्यांतील चिक चॉकलेट हे पुढें आमच्या मराठी सी. रामचंद्रांचे सहायक झाले. 1951 सालीं 'अलबेला' चित्रपट निघाला, त्यांतील गाण्यांत तो तुताऱ्यांचा ठेका आहे; आणि त्यावर नाचले ते गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गणपति विसर्जनाला कल्याणच्या दुर्गाडीच्या खाडीकडे जातांना आमचीं पोरें हात हलवीत जो नाच नाचतात, त्यांत भगवानदादांचीं पावलें आहेत, आणि ज्या ठेक्यावर तीं पावलें पडलीं तो अमेरिकेंतल्या काळ्या वस्तींतून आलेला आहे. मिरवणुकींतल्या कोणास हें ठाऊक नसतें. ऋण असें न कळत अंगावर चढलेलें असतें.

जलशांचेंही तसेंच. सत्यशोधकांचे जलसे निघाले, मागून आंबेडकरी जलसे निघाले. वर्तमानपत्र वाचतां न येणाऱ्या माणसाला त्यांनीं विचार दिला. सोलापूर जिल्ह्यांतून आलेले आणि आमच्या कल्याणांत राहिलेले प्रल्हाद शिंदे 2004 सालीं वारले. विठ्ठलाचीं गाणीं त्यांच्याच गळ्यांतून, भीमगीतेंही त्यांच्याच गळ्यांतून. त्यांचा आवाज लागल्याशिवाय आषाढीचा दिवस उजाडत नाहीं, पण संगीताच्या मोठ्या बैठकींत त्यांचें नांव किती वेळां निघालें? आतां शहरांतलीं पोरें भराभर शब्द म्हणत यमकें जुळवितात, त्याला रॅप म्हणतात. तीही रीत न्यूयॉर्कच्या गरीब काळ्या वस्तींत 1973 च्या सुमारास निघाली. वडील माणसें त्यावर चिडतात. आम्ही म्हणतों, आधीं ऐका. पोर फुशारकी मारीत असेल तर कान पकडा. पण तें आपल्या चाळीचें, आपल्या बापाच्या नोकरीचें, आपल्या जातीच्या अपमानाचें सांगत असेल, तर तो जलसाच आहे.

चित्रकलेंतही हाच न्याय. आफ्रिकेंतील लांकडी मुखवटे पाहून पिकासोसारख्या चित्रकारांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नवी कला काढली. चित्रकाराचें नांव जगभर झालें, मुखवटा कोरणाऱ्याचें कोणास ठाऊक नाहीं. आमच्या जुन्या ठाणें जिल्ह्यांत वारली बाया लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें भिंतीवर लिहीत आल्या; त्यांचींही नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 सालीं पद्मश्री मिळाली, हें चांगलें झालें. पण आज तेंच चित्र साडीवर, पिशवीवर, हॉटेलाच्या भिंतीवर विकलें जातें, आणि जिच्या आजीनें तें लिहिलें ती वीटभट्टीवर राबते. कला उचलावयाची आणि माणूस टाकावयाचा, ही रीत अमेरिकेंत जशी, तशी येथें.

आतां राजकारणाविषयीं थोडें. आम्ही अमेरिकेच्या सरकारचे भाट नाहीं. जोतीरावांनींही पुस्तक सरकारला वाहिलें नव्हतें, सज्जनांस वाहिलें होतें. कायद्यानें बेड्या तुटल्या तरी काळ्या माणसाच्या मताला खरें संरक्षण देणारा कायदा होण्यास 1965 साल उजाडावें लागलें. मधलीं शंभर वर्षें वेगळे डबे, वेगळ्या शाळा आणि झाडाला टांगलेलीं प्रेतें यांत गेलीं. 2020 सालीं मिनिआपोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉईड यांचा जीव पोलिसाच्या गुडघ्याखालीं गेला. कायदा पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. आपण अस्पृश्यता 1950 च्या घटनेनें नष्ट केली, वेठबिगारी 1976 च्या कायद्यानें. दोन्ही कागद आमच्या शाळेच्या कपाटांत आहेत. बाहेर काय आहे तें आपण जाणतां.

दोन्हीकडील पीडितांनीं एकमेकांस ओळखिलें ही त्यांतली आशेची गोष्ट. 1946 सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं कृष्णवर्णीयांचे थोर पंडित डु बॉइस यांस पत्र लिहून, काळ्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि त्यांनींही आस्थेनें उत्तर दिलें. 1959 सालीं मार्टिन ल्यूथर किंग हिंदुस्थानांत आले. केरळांत एका शाळेंत त्यांची ओळख अमेरिकेंतील अस्पृश्य बांधव अशी करून देण्यांत आली. प्रथम त्यांस धक्का बसला, मग विचार करून त्यांनीं ती ओळख मान्य केली. 1972 सालीं मुंबईंत तरुणांनीं दलित पँथर काढली, तिचें नांवच अमेरिकेंतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलें. उलट 2001 सालीं डर्बन येथें वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हां जातीचा प्रश्न तेथें नको असें आमच्या सरकारचें म्हणणें पडलें. घरची घाण घरांतच ठेवावी, हा जुना कावा. पण 2023 सालीं अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या कौन्सिलनें जातिभेदाला कायद्यानें बंदी केली. 1873 सालीं जोतीरावांनीं तिकडे आभार पाठविले. बरोबर दीडशें वर्षांनीं तिकडून पोंच आली असें आम्ही समजतों.

येथवर टाळ्या मिळण्यासारखें झालें. आतां जें बोलणार तें बोलण्यास आम्हांस जड जातें, पण तें न बोलतां घरीं गेलों तर हें व्याख्यान खोटें ठरेल.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं मुलांचा एक नाच बसविला. आफ्रिकेंतले जंगली लोक, म्हणजे अंगाला काजळी, कंबरेला पाला, हातांत भाला, आणि तोंडानें कांहींतरी हुर्र हुर्र. असे नाच आपण सर्वांनीं पाहिले आहेत; पालक हंसतात, टाळ्या पडतात. आम्ही स्वतः वाटींत खोबरेल तेल आणि काजळी कालवून एकेका मुलाच्या तोंडाला फांशीत होतों. रांगेंत कातकरी वाडीवरची चौथींतली एक मुलगी होती. तिची पाळी आली तेव्हां ती हळूच म्हणाली, "गुरुजी, मला नको ना काजळी? मी हायेच काळी."

मागचीं मुलें फिस्सदिशी हंसलीं. आम्हीही हंसलों, आणि "बरं, तुला नको," असें म्हणून पुढच्या मुलाकडे वळलों. नाच झाला. ती नाचली. तिच्या आईनें मागें उभें राहून पाहिलें. रात्रीं भिंतीवरच्या जोतीरावांच्या तसबिरीखालीं बसून आम्ही हातांची काजळी साबणानें काढीत होतों, तेव्हां ध्यानांत आलें कीं आज आपण एका लेकराला भर रांगेंत सांगितलें : जंगली दिसावयाला इतरांना रंग लागतो, तुला लागत नाहीं. पुढच्या वर्षीं ती शाळेंत आली नाहीं. आईबापांबरोबर भट्टीवर गेली असें कळलें. तिच्या न येण्याला आमची काजळीच कारण असें आम्ही म्हणत नाहीं. पोटाचें कारण मोठें असतें. पण तिला शाळेंत ओढून आणील अशी एकही गोष्ट आम्हीं तिच्यासाठीं केली नव्हती, आणि दूर ढकलील अशी एक केली होती.

आम्ही ब्राह्मणेतर. व्यासपीठावर भटशाहीला शिव्या घालण्यांत आमचा हात कोणी धरणार नाहीं. पण कातकऱ्याला घराच्या ओट्याखालीं उभें कोण ठेवतो? तेथें भटजी येत नाहींत. लग्न जुळवितांना "पोरगी काळी हाय" म्हणून परत कोण पाठवितो? लोकलच्या डब्यांत आफ्रिकेचा विद्यार्थी चढला कीं त्याच्याकडे पाहून हबशी म्हणून खिदळतो कोण? अहो, हबशी म्हणजे हबसाणचा माणूस. मलिक अंबर हबशीच होता. गुलाम म्हणून विकला गेलेला तो पोर निजामशाहीचा कारभारी झाला, आणि 1624 सालच्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. शिवरायांच्या वडिलांस ज्याच्या फौजेंत लढण्याची लाज वाटली नाहीं, त्याच्या देशबंधूशेजारीं बांकावर बसावयास आम्हांस लाज वाटते! जात विचारून खोली नाकारणाऱ्या घरमालकावर आम्ही लेख लिहितों, आणि काळ्या भाडेकरूला खोली नाकारणारा आमचाच भाऊबंद निघतो.

बाबा, आतां तुमच्या प्रश्नाकडे येतों. भाताला भाव नाहीं, आणि गुरुजी अमेरिकेचें काय घेऊन बसले? आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला 1945 सालच्या जानेवारींत किसान सभेची परिषद भरली. उंबरगांवकडचे कांहीं वारली तेथें आले. त्यांच्याकडे लग्नगडी म्हणून प्रकार होता : लग्नासाठीं सावकाराकडून थोडेंसें कर्ज काढावयाचें आणि नवराबायकोनें जन्मभर त्याच्याकडे राबावयाचें. हें आपल्याच नशिबीं आहे अशी त्यांची समजूत. टिटवाळ्यास त्यांनीं दूरदूरच्या शेतकऱ्यांस बोलतांना ऐकिलें, आणि हें नशीब नव्हे, ही व्यवस्था आहे, असें मनांत घेऊन ते परत गेले. गोदावरी परुळेकर त्यांच्या पाड्यांत गेल्या, त्यांनीं पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत सारें लिहिलें. त्याच वर्षीं वारल्यांनीं वेठ नाकारिली. गोळ्याही खाल्ल्या. पण लग्नगडी मोडली.

बाबा, एकट्याचें दुःख नशीब वाटतें. दुसऱ्याचें तसेंच दुःख पाहिलें म्हणजे त्याचें कारण दिसूं लागतें, आणि कारण दिसलें कीं हात चालतो. जोतीरावांनीं अमेरिकेंतला गुलाम पाहिला, म्हणून त्यांना पुण्याचा शूद्र गुलाम आहे हें दिसलें. भाताच्या भावासाठीं आपण उद्यां मोर्चा काढूं. पण त्या मोर्चांत कातकरी आपल्या बरोबरीनें चालणार कीं मागून पाण्याचा हंडा घेऊन येणार, यावर तो मोर्चा किती दूर जाईल हें ठरेल.

आमचें मागणें मोठें नाहीं. या गांवच्या शाळेंत पुन्हां कोणाच्या तोंडाला काजळी फांसली जाणार नाहीं, ही हमी आम्ही देतों. येत्या संमेलनांत धवलारणीला व्यासपीठावर मानानें बोलवावें, कातकरी वाडीवरच्यांना त्यांचें गाणें त्यांच्या वाद्यांवर म्हणूं द्यावें, आणि खुर्च्या पहिल्या रांगेंत मांडाव्या. वाचनालयानें 'गुलामगिरी'च्या पांच प्रती घ्याव्या, आणि जयंतीला हार घालण्यापूर्वीं तें अर्पणपत्रिकेचें पान एखाद्या मुलीनें मोठ्यानें वाचावें. उद्यां रविवार आहे. आम्ही वाडीवर जाणार आहों. ती मुलगी आतां मोठी झाली असेल, कोठें असेल ठाऊक नाहीं. तिच्या वाडीवरचीं चार मुलें अद्याप शाळेच्या पटावर नाहींत. आपल्यांतील ज्यांना बरोबर येतां येईल त्यांनीं सकाळीं आठाला पिंपळाच्या पाराजवळ यावें.

 सत्यमेव जयते.